माणसांची वाहवा की देवाची पसंती? ख्रिस्ती जीवनाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न सहसा भरसभेत कोणी विचारत नाही. प्रार्थनासभा संपते, माणसे पांगू लागतात, आणि मग कोणीतरी मागे रेंगाळून हळू आवाजात ते विचारतो. कारण उघड आहे: लोकांच्या मताची आपल्याला भीती वाटते हे लोकांसमोर कबूल करायलाही भीतीच वाटते. उत्तरे शास्त्रवचनांच्या आधाराने दिली आहेत. काही ठिकाणी लेखकाचे स्वतःचे मतही आले आहे आणि ते लेखकाचे म्हणूनच वाचावे.

देवाची पसंती शोधणे म्हणजे नेमके काय?

आपण जे बोलतो, जे करतो आणि जे करायचे टाळतो, त्याचा शेवटचा निवाडा आपण कोणाच्या हाती सोपवला आहे, हा या विषयाचा गाभा आहे. माणूस निवाड्यावाचून जगू शकत नाही. "तू बरोबर केलेस" हे कोणाकडून तरी ऐकण्याची ओढ प्रत्येकाला असते आणि पवित्र शास्त्र ही ओढ मारून टाकायला सांगत नाही. ती कोणाकडे वळावी एवढेच ते सांगते.

गलतीकरांस पत्र १:१० मध्ये प्रेषित पौल म्हणतो की, मी अजून माणसांना खूश करत राहिलो असतो तर ख्रिस्ताचा दास ठरलो नसतो. या वचनातला 'अजून' हा शब्द आपण बहुधा वाचून पुढे जातो, पण त्यात पौलाचे अर्धे आयुष्य आहे. चारच वचनांनी पुढे तो सांगतो की, यहूदी धर्माचरणात तो आपल्या बरोबरीच्या पुष्कळांच्या पुढे गेला होता. म्हणजे लोकांच्या नजरेत भरण्याची चटक काय असते हे त्याने बाहेरून पाहिलेले नव्हते, ती चटक त्याला स्वतःलाच होती.

लोकांनी आपल्याला चांगले म्हणावे असे वाटणे हे पाप आहे का?

नाही. प्रभू येशू देवाच्या आणि माणसांच्या प्रसन्नतेत वाढत गेला असे लूक २:५२ सांगते. चांगले नाव मोठ्या धनापेक्षा बरे, असे नीतिसूत्रांत आहे (२२:१). मंडळीच्या अध्यक्षाविषयी बाहेरच्या लोकांचे मतही चांगले असावे, अशी अट पौल तीमथ्याला लिहून देतो (१ तीमथ्य ३:७).

बिघाड होतो तो तुलनेत. योहान १२:४२-४३ मध्ये अधिकाऱ्यांपैकी पुष्कळांनी येशूवर विश्वास ठेवला होता, पण परूशी, म्हणजे नियमशास्त्राबाबत कडक असलेले यहूदी पुढारी, आपल्याला सभास्थानातून बाहेर काढतील या धास्तीने ते तसे उघड बोलत नव्हते. योहान त्याचे कारण एका वाक्यात देतो: देवाकडून होणाऱ्या गौरवापेक्षा माणसांकडून होणारे गौरव त्यांना अधिक प्रिय होते. त्यांना देवाचे गौरव नको होते, असे तो म्हणत नाही. दोन्ही हवेच होते. निवड करायची वेळ आली तेव्हा पारडे कुठे झुकले, एवढेच तो नोंदवतो.

पवित्र शास्त्रात माणसांच्या भीतीने घसरलेल्यांची उदाहरणे आहेत का?

पुष्कळ आहेत, आणि त्यांतली बहुतेक माणसे दुष्ट नव्हती, हे विशेष.

शौल राजाचे उदाहरण सर्वांत सविस्तर आहे (१ शमुवेल १५). इस्राएलाचे शत्रू असलेल्या अमालेक्यांची कोणतीही वस्तू राखून ठेवायची नाही अशी स्पष्ट आज्ञा असताना त्याने राजा अगाग आणि उत्तम मेंढरे-गुरे राखली, आणि संदेष्टा शमुवेल समोर येताच "परमेश्वराची आज्ञा मी पाळली आहे" असे त्याला ऐकवले. त्यावर शमुवेलाने विचारले, मग माझ्या कानांवर येणारे हे मेंढरांचे बेंबावणे कसले? बराच वेळ सारवासारव केल्यानंतर शौलाने खरे कारण सांगितले: मी लोकांना भ्यालो आणि त्यांचे ऐकले. इथवर ही कबुली प्रामाणिक वाटते. पण राज्य हातचे गेले हे कळल्यानंतर त्याने शमुवेलाकडे काय मागितले, ते तिसाव्या वचनात आहे. मी पाप केले आहे, तरी माझ्या लोकांच्या वडीलधाऱ्यांसमोर आणि इस्राएलासमोर माझा मान राख! ज्या रोगाची कबुली दिली तोच रोग कबुलीच्या वाक्यात पुन्हा उमटला आहे. लेखकाच्या मते या विषयावर शास्त्रात याहून बोचरे वाक्य नाही.

पेत्राचे उदाहरण वेगळ्या प्रकारे अस्वस्थ करते. अंत्युखियात तो परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला बसत असे. यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसे आली तेव्हा सुंता झालेल्यांच्या, म्हणजे यहूदी विश्वासणाऱ्यांच्या, भीतीने तो हळूहळू मागे सरून वेगळा राहू लागला, आणि त्याच्यामागे बर्णबासुद्धा वाहवत गेला (गलती २:११-१३). आपण जे करतो आहोत ते चुकीचे आहे हे पेत्राला कळत नव्हते असे नाही. कर्नेल्य या परराष्ट्रीय अधिकाऱ्याच्या घरी जाण्याआधी त्याला दृष्टांत झाला होता आणि त्याच मुद्द्यावर त्याने यरुशलेमेत टीकाकारांना सडेतोड उत्तरही दिले होते. यहूद्यांच्या महासभेपुढे "माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे" असे म्हणणाराही हाच. शत्रूंसमोर न डगमगलेला माणूस आपल्याच मंडळींची नजर बदलेल या धाकाने डगमगला. आपल्यापैकी बहुतेकांची परीक्षाही छळणाऱ्यांसमोर होत नाही, ओळखीच्या माणसांमध्ये होते.

रोमी सुभेदार पिलाताविषयी मार्क थोडक्यात लिहितो: समुदायाला खूश करावे म्हणून त्याने येशूऐवजी बरब्बा या कैद्याला सोडले (१५:१५).

"ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत" या वचनाचा अर्थ काय?

मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपास या तीन गोष्टी घेतो आणि लोकांनी पाहावे म्हणून त्या करणाऱ्यांविषयी तिन्ही वेळा हेच वाक्य उच्चारतो. मूळ ग्रीक मजकुरातील इथले क्रियापद त्या काळी पावत्यांवर 'रक्कम पूर्ण मिळाली' या अर्थाने लिहिले जाई. इजिप्तच्या कोरड्या जमिनीत सापडलेल्या जुन्या पपायरसांवर ते आजही वाचायला मिळते. मराठी भाषांतरात 'भरून पावणे' हा शब्दप्रयोग आला, हे आपले भाग्य म्हटले पाहिजे, कारण त्यात पावतीचा अर्थ तर आहेच, शिवाय कंटाळून हात जोडत "भरून पावलो!" म्हणण्यातला उपरोधही मराठी वाचकाला ऐकू येतो.

येशू इथे शिक्षेची धमकी देत नाही. तो म्हणतो की व्यवहार पुरा झाला. दिखावा करणाऱ्याला वाहवा हवी होती, ती मिळाली, पावती फाडली गेली, येणे बाकी काही राहिले नाही. उलट, गुप्तपणे केलेल्या दानाची पावती अजून फाटलेली नाही आणि गुप्तपणे पाहणारा पिता ती हिशेबात धरून आहे.

हे किती सूक्ष्मपणे घडते याचा लेखकाचा स्वतःचा अनुभव असा. मंडळीतील एका आजारी वृद्धाला भेटायला लेखक गेला, तासभर बसला, प्रार्थना केली आणि समाधानाने परतला. पुढच्या दोन दिवसांत "परवा त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा..." या शब्दांनी सुरू होणारी वाक्ये त्याने तीन वेगवेगळ्या लोकांशी बोलताना वापरली, आणि तिन्ही वेळा विषय दुसराच होता. त्या वृद्धाच्या प्रकृतीची चौकशी कोणी केली नव्हती. त्या भेटीची पावती लेखकाने तीनदा फाडून घेतली.

एकीकडे "तुमचा प्रकाश लोकांपुढे पडू द्या" आणि दुसरीकडे "लोकांनी पाहावे म्हणून करू नका", हे कसे जुळते?

पहिले वचन मत्तय ५:१६ मध्ये आहे, दुसरे ६:१ मध्ये. दोन्ही एकाच प्रवचनातील आहेत आणि विसंगती काढून टाकण्याची गरज बोलणाऱ्याला वाटलेली नाही. पहिल्या वचनाचा शेवट पाहावा: लोकांनी तुमची सत्कृत्ये पाहून तुमच्या स्वर्गातील पित्याचे गौरव करावे. दोन्ही ठिकाणी लोक पाहतातच. पाहून झाल्यावर ते कोणाचे नाव घेतात, यात फरक आहे.

दानिएलाच्या खिडक्यांमुळे हे अधिक स्पष्ट होते. राजाखेरीज कोणाकडेही मागणे करू नये असा फर्मान निघाल्यावर तो घरी गेला आणि यरुशलेमेच्या दिशेच्या उघड्या खिडक्यांपाशी, पूर्वीप्रमाणेच, दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना करू लागला (दानिएल ६:१०). येशूने मात्र दार लावून प्रार्थना करायला सांगितले. मग दानिएलाने दिखावा केला का? तसे म्हणता येणार नाही, कारण त्याने त्या दिवशी मुद्दाम काही वेगळे केले नाही. फर्मानानंतर खिडक्या लावल्या असत्या तर ती भीती ठरली असती, आणि एरवी बंद असलेल्या खिडक्या त्या दिवशी उघडल्या असत्या तर ते प्रदर्शन ठरले असते. 'पूर्वीप्रमाणेच' या शब्दात त्याचा हेतू दिसतो.

पौल माणसांना खूश करत नाही म्हणतो आणि "मी सर्वांना सर्व गोष्टींत संतुष्ट करतो" असेही म्हणतो. मग खरे काय?

दोन्ही खरे आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रातील ते वचन (१०:३३) पूर्ण वाचले की दिसते की, तो स्वतःचे हित न पाहता पुष्कळांचे तारण व्हावे म्हणून तसे करत होता. रोमकरांस पत्र १५:२ मध्येही शेजाऱ्याला त्याच्या कल्याणासाठी, त्याच्या उन्नतीसाठी संतुष्ट करावे असे तो सांगतो. समोरच्याचे भले व्हावे म्हणून मन वळवणे निराळे आणि समोरच्याने आपल्याला बरे म्हणावे म्हणून मान डोलावणे निराळे.

तीमथ्य आणि तीत या आपल्या दोघा सहकाऱ्यांबाबत पौल कसा वागला ते पाहिले तर हा फरक पुस्तकी राहत नाही. तीमथ्याची त्याने तेथील यहूदी लोकांमुळे सुंता करवली (प्रेषितांची कृत्ये १६:३), म्हणजे लोकांच्या भावनेला मान दिला. तीताची सुंता व्हावी असा आग्रह धरणाऱ्यांना मात्र त्याने घटकाभरही मान तुकवली नाही (गलती २:३-५), कारण तिथे सुंता ही तारणाची अट होऊ पाहत होती. कृती एकच, एकदा केली, एकदा साफ नाकारली, आणि दोन्ही वेळा कोणीतरी नाराज झालेच असणार.

देव हासुद्धा आणखी एक कडक परीक्षकच झाला ना? लोकांची मर्जी राखता राखता थकलो, आता देवाचीही राखायची?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तो विचारला जात नाही तेव्हाच अधिक घातक ठरतो. अनेक प्रामाणिक विश्वासणारे लोकांच्या धाकातून सुटतात आणि तोच धाक उचलून देवाच्या आसनावर नेऊन ठेवतात. परीक्षक बदलतो, पण परीक्षा तशीच राहते, आणि या परीक्षकाला तर मनातलेही दिसते.

सुवार्ता उलट्या क्रमाने चालते. यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाशातून वाणी आली की, हा माझा पुत्र, मला परमप्रिय आहे, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर मत्तयाने येशूचा एकही चमत्कार, एकही प्रवचन नोंदवलेले नाही. त्या वेळी तो सुमारे तीस वर्षांचा होता एवढे लूक सांगतो. आधी पसंती, मग सेवा. लगेच पुढच्या अध्यायात सैतान याच पसंतीवर घाव घालतो: तू देवाचा पुत्र असशील तर सिद्ध करून दाखव, मंदिराच्या शिखरावरून उडी टाक. येशू उडी टाकत नाही, कारण जे आधीच मिळाले आहे ते मिळवून दाखवण्याची गरज त्याला नव्हती.

ख्रिस्तावर विश्वास ठेवणारा त्याच्यामध्येच स्वीकारला गेला आहे, आणि हा स्वीकार त्या आठवड्यातील प्रार्थनांच्या संख्येवर कमी-जास्त होत नाही. मग "देवाला संतोष देण्याची हौस धरतो" असे पौल का म्हणतो (२ करिंथ ५:९)? ज्या घरात मुलाला हाकलून दिले जाण्याची भीती नसते त्याच घरात ते वडिलांसाठी काहीतरी मनापासून करते. हाकलले जाण्याच्या भीतीने केलेले काम चोख होऊ शकते, पण त्यात जीव नसतो. नीतिसूत्रे २९:२५ माणसांच्या भीतीला पाश म्हणते आणि तिच्यासमोर परमेश्वरावरचा भरवसा ठेवते. एका भीतीच्या जागी दुसरा धसका ठेवत नाही.

मग "लोक काहीही म्हणोत, मला देव आणि मी" ही भूमिका योग्य आहे का?

बहुधा नाही. असे म्हणणाऱ्याचे मन पुष्कळदा लोकांकडेच लागलेले असते, फक्त पाठ फिरवून. ज्याला खरोखर फरक पडत नाही त्याला तसे वारंवार जाहीर करावे लागत नाही. करिंथकरांनी केलेली पारख मला अगदी क्षुल्लक वाटते असे पौल लिहितो (१ करिंथ ४:३), पण तेवढ्यावर थांबत नाही. मी स्वतःचीही पारख करत नाही, माझे मन मला दोष देत नाही, तरी तेवढ्याने मी निर्दोष ठरत नाही, असे तो लगेच जोडतो. "देव आणि मी" म्हणणारा हा दुसरा अर्धा भाग सहसा गाळतो. लोकांचा निवाडा नाकारून आपल्याच निवाड्याला देवाचा निवाडा म्हणणे, ही सुटका नव्हे.

यावरून वडीलधाऱ्यांच्या, जोडीदाराच्या किंवा मंडळीतील अनुभवी भावाबहिणींच्या कानउघाडणीचे काय करायचे तेही कळते. ती ऐकावी. अंत्युखियात पौलाने तोंडावर केलेला विरोध पेत्राने केवळ 'माणसाचे मत' म्हणून झटकला असता तर? देवाची पसंती शोधणाऱ्याला टीका ऐकणे सोपे जायला हवे, कारण टीकेने त्याचे सर्वस्व जात नाही. ती खरी असेल तर सुधारावे, खोटी असेल तर सोडून द्यावी, आणि अर्धी खरी असेल, जशी ती बहुतेकदा असते, तर खरा अर्धा भाग घ्यावा.

आपण माणसांच्या पसंतीसाठी जगतो आहोत हे ओळखायचे कसे?

काही खुणा अनुभवातून सांगता येतात. सामुदायिक प्रार्थनेत तोंडाने देवाशी बोलत असताना कान स्वतःच्या आवाजाकडे लागलेले असतात, आणि एखादे वाक्य चांगले जमले की आतून बरे वाटते. प्रवचन संपल्यावर दाराशी हस्तांदोलन करताना "संदेश छान झाला" म्हणणारे पंचवीस जण विसरले जातात आणि काही न बोलता गेलेला एक जण रात्रभर डोक्यात राहतो. समाजमाध्यमावर वचन टाकल्यावर तासाभरात पाच वेळा फोन उघडला जातो. कोणाला नाही म्हणता येत नाही आणि मग होकार दिलेल्या कामांचा मनातल्या मनात राग येतो. या रागाला पुष्कळदा 'सेवेचा थकवा' असे भारदस्त नाव मिळते.

सगळ्यांत खात्रीची खूण मात्र दुसऱ्याच्या स्तुतीच्या वेळी दिसते. आपण केलेल्या कामाचे श्रेय आपल्यासमोर दुसऱ्याला दिले गेले आणि काम तर उत्तम झाले होते, अशा वेळी मनात प्रथम काय उमटले ते पाहावे.

देवाची आज्ञा आणि अधिकाऱ्यांची किंवा घरच्यांची आज्ञा यांत खरोखरच विरोध आला तर?

तर प्रेषितांची कृत्ये ५:२९ मधले पेत्राचे तेच वचन, माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे, लागू होते. पण ते वचन हाताशी आहे म्हणून ते वापरण्याची घाई करू नये. १५२१ साली जर्मनीतील वर्म्सच्या सभेत सम्राट चार्ल्स पाचवा याच्यासमोर धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरला आपली लिखाणे मागे घेण्यास सांगण्यात आले तेव्हा, म्हणजे १७ एप्रिलला, त्याने विचार करायला वेळ मागून घेतला. आपली सदसद्विवेकबुद्धी देवाच्या वचनाशी बांधलेली आहे हे उत्तर दुसऱ्या दिवशीचे, १८ एप्रिलचे आहे. पहिल्या दिवसाचा तो संकोच लेखकाला त्या उत्तराइतकाच मोलाचा वाटतो.

विरोध खरा असेल तर नम्रतेने नकार द्यावा आणि परिणाम सोसावा. प्रेषितांना फटके बसले, आणि त्यांनी त्याबद्दल कोणाशी हुज्जत घातली नाही.

माझे हेतू मिश्र आहेत असे लक्षात आले. शुद्ध होईपर्यंत सेवा थांबवावी का?

थांबवू नये. भुकेल्याला अन्न मिळायचे थांबले तर त्याला आपल्या हेतूंच्या शुद्धतेचा काही उपयोग नाही. तुरुंगात असताना पौलाने लिहिले की, काही जण हेव्याने आणि चुरशीने ख्रिस्ताची घोषणा करतात, तरी ख्रिस्ताची घोषणा होते यात मला आनंद आहे (फिलिप्पै १:१५-१८). काम चालू ठेवावे, हेतू देवापुढे नाव घेऊन कबूल करावा, आणि अधूनमधून असे एखादे काम करावे जे कोणालाही कधीच कळणार नाही. पहिल्यांदा ते सांगून टाकण्याची उबळ अनावर होते. दोन-तीन वेळा दाबली की ती सैल पडते.

मग मंडळीत कोणाची स्तुती करूच नये का?

जरूर करावी. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय नावांनी भरलेला आहे, आणि पौल त्यात कंजुषी करत नाही. फीबीने पुष्कळांना आणि खुद्द त्याला साहाय्य केले, प्रिस्किल्ला व अक्विला यांनी त्याच्यासाठी आपली मान धोक्यात घातली, पर्सिसने प्रभूमध्ये फार श्रम केले, असे तो नावानिशी लिहितो. काम सांगून केलेली अशी स्तुती ऐकणाऱ्याला बळ देते, आणि ज्याचे पोट देवाच्या पसंतीने भरले आहे तोच ती दुसऱ्याला सढळ हाताने देऊ शकतो.

त्याच यादीत दहाव्या वचनात अपिल्लेस नावाचा एक माणूस आहे. त्याने काय केले, काय सोसले, तो कोणत्या गावचा होता, यांपैकी एकही गोष्ट पौल लिहीत नाही, आणि पवित्र शास्त्रात त्याचे नाव पुन्हा कुठेही येत नाही. त्याच्याविषयी एवढेच लिहिले आहे: ख्रिस्तामध्ये पसंतीस उतरलेला.